पूर थांबला, रान म्हातारं झालं

वाळुंजाचं बी जेमतेम दिसतं एवढंच. हिवाळ्यात फळं उकलली की कापसासारख्या तंतूंना धरून ते वाऱ्यावर निघतं, पाण्यावर उतरतं आणि कुठे तरी काठाला लागतं. त्याच्या पोटात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच. त्यामुळे मुदत फार थोडी. काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, त्याला ओला आणि उघडा गाळ मिळायला हवा. त्या गाळावर गवत माजलेलं नको, मोठ्या झाडाची सावली नको. असा गाळ मिळाला तर ते दिवसभरात रुजतं. पुढची शर्यत मात्र खरी अवघड. नदीचं पाणी ओसरत असतं, जमिनीतली ओल रोज खाली सरकत असते, आणि केसाएवढ्या मुळाला तिचा पाठलाग करायचा असतो.

या शर्यतीचं गणित कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या जॉन महोनी आणि स्टुअर्ट रूड या संशोधकांनी 1998 मध्ये मांडलं. ते तिकडच्या नदीकाठच्या पॉप्लरांसाठी होतं. पॉप्लर आणि वाळुंज एकाच कुळातले, बियांची तऱ्हा दोघांचीही तीच. पाण्याची पातळी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत उतरत असेल तर रोपाचं मूळ ओलीला गाठू शकतं. त्याहून वेगाने उतरली तर रोप उभ्याउभ्या वाळतं. म्हणजे नदीकाठच्या रानाला पूर तर हवाच, वर तो सावकाश ओसरायलाही हवा.

पुण्यातून वाहणाऱ्या मुठेचं गेल्या दीडशे वर्षांत काय झालं, हे या अडीच सेंटिमीटरच्या मापाने पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. शहरात काठाच्या झाडांबद्दल भांडण पेटतं ते करवत आल्यावर. रानाची नवी पिढी जन्माला येणं त्याच्या कितीतरी आधी अवघड झालेलं असतं. झाड शंभर वर्षं उभं राहू शकतं, आणि त्याच्या पायाशी पन्नास वर्षांत एकही पोर वाढलेलं नसलं तरी वरून सगळं हिरवंच दिसतं. धरण, रस्ता, भिंत यांचे नदीकाठावरचे परिणाम हिशेबातून निसटतात ते याच कारणाने. बांधकाम एका पिढीचं, परिणाम पुढच्या पिढीच्या वाट्याला.

सह्याद्रीच्या घाटमाथ्याला उगम पावणारी मुठा, तिला मिळणाऱ्या आंबी आणि मोसी, पलीकडून येणारी मुळा आणि दापोडीजवळ मुळेला मिळणारी पवना. पावसाळ्यात तुफान आणि मार्चनंतर डोहांपुरत्या उरणाऱ्या या नद्या. त्यांच्या काठची झाडं या लहरीपणाशी जुळवून घेतच घडली. पात्रात खडकांच्या फटींत शेरणीची झुडपं असतात. मुळं खडकाला घट्ट, फांद्या चिवट आणि लवचीक. पुराचं पाणी डोक्यावरून गेलं तर ती आडवी होतात आणि पाणी उतरलं की पुन्हा उठतात. शेरणीच्या मागे वाळुंज, निरगुडी. थोडं वर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. करंजाच्या शेंगा पावसाआधी गळतात आणि पहिल्या लोंढ्यावर तरंगत निघतात. जांभळं पिकतात ती ऐन पावसाच्या तोंडाशी, कारण जांभळाचं बी वाळवून ठेवता येत नाही, लगेच रुजावं लागतं. उंबर खोडालाच लगडतो. त्याची फळं वटवाघळं आणि पाखरं खातात, आणि काठाच्या या टोकाचं बी त्या टोकाला नेतात. सगळ्यांची घड्याळं नदीच्या चढउताराला लावलेली.

या घड्याळात पहिला हात घातला गेला तो खडकवासल्याला. कॅप्टन फाइफ यांच्या आखणीनुसार 1869 मध्ये सुरू झालेलं ते दगडी धरण दहा-एक वर्षांत उभं राहिलं. पुण्याच्या लष्करी छावणीला पाणी आणि कालव्याखालच्या दुष्काळी मुलखाला सिंचन हा त्याचा हेतू, आणि तो हेतू खोटा नव्हता. पुढे 1920च्या दशकात टाटांचं मुळशी धरण झालं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशी सत्याग्रह मराठी वाचकाला ठाऊक असतो, तो बुडणाऱ्या जमिनींसाठी. त्या लढ्याच्या गोष्टीत एक तपशील मात्र मागे पडतो. मुळशीचं पाणी मुळेच्या पात्रात परत येत नाही. ते वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला, कोकणात उतरतं. पूर्वेला वाहणाऱ्या नदीचा पावसाळ्यातला मोठा हिस्सा पश्चिमेला वळला, तो कायमचा.

मग 12 जुलै 1961. बांधकाम पुरतं संपण्याआधीच भरत गेलेलं पानशेतचं मातीचं धरण त्या सकाळी फुटलं, दुपारी खडकवासल्याची भिंत गेली आणि पेठांमध्ये पाणी शिरलं. पुण्याच्या आठवणीत पूर या शब्दाचा अर्थ त्या दिवसापासून एकच झाला. वास्तविक तो नदीचा पूर नव्हता, माणसाने अडवलेलं पाणी एकदम सुटल्याने आलेला लोंढा होता. तरी शहराच्या मनात धाक बसला तो नदीचा. काठ पक्के करा, पात्र सरळ करा, भिंत बांधा, अशी मागणी पुढच्या काळात जनमानसाला सहज पटत गेली त्याचं मूळ या धाकात आहे. त्या लोंढ्यात माणसं गेली, घरं गेली, म्हणून त्या धाकाला नावं ठेवता येणार नाहीत. पण नदी आणि धरणफुटी यांत फरक करायला शहराने तेव्हाच शिकायला हवं होतं.

खडकवासला दुरुस्त झालं, पानशेत पुन्हा उभं राहिलं, मग वरसगाव, मग टेमघर. आज चौघांची मिळून साठवण 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. वरसगाव 12.82, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि सगळ्यांच्या खाली असलेलं खडकवासला अवघं 1.97. जूनचे पहिले लोंढे आणि जुलैचे लहान-मोठे पूर या धरणांच्या पोटात जातात. धरणं भरेस्तोवर नदीला शहरात पूर येत नाही. भरली की दारं उघडतात, विसर्ग काही तासांत हजारो क्युसेकने चढतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, पात्रातला रस्ता बंद होतो, आणि पाऊस थांबला की विसर्ग तितक्याच झटक्यात कमी केला जातो. अडीच सेंटिमीटरचा सावकाश उतार या कारभारात बसतच नाही. पाटबंधारे खात्याचं काम पाणी साठवण्याचं आणि पूर टाळण्याचं, ते खात्याची माणसं चोख करतात. रोपं रुजतील अशा बेताने दार मिटवा, असं त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नाही.

वरच्या अंगालाही रान गेलं, पण तिथलं जाणं उघड होतं. पानशेत-वरसगावच्या जलाशयांच्या कडेने उन्हाळ्यात गेलं की पाण्याची पातळी जिथवर चढते तिथपासून खालपर्यंत लाल मातीचा उघडा पट्टा दिसतो. वर हिरवा डोंगर, खाली निळं पाणी आणि मधे हे बोडकं. वर्षातले काही महिने पाण्याखाली खोल बुडालेलं आणि बाकीचे महिने उन्हात तापणारं. नदीकाठच्या झाडाला पुराचं बुडणं चार-आठ दिवसांचं ठाऊक, सहा महिन्यांचं नाही. म्हणून जलाशयाला तीर असतो, पण तिथे नदीकाठ नसतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला तेव्हा ओढ्यांच्या उगमाशी, झऱ्यांच्या तोंडाशी राखलेल्या रानाचं मोल पहिल्यांदा आकड्यांत आलं. खोऱ्याच्या तळाशी, नदीलगत असलेल्या रानाची तशी मोजदाद व्हायच्या आतच बरीच खोरी भरली. पुढे मोसी खोऱ्यात वरसगावच्या पाण्यालगत लवासा हे खासगी शहर उभं राहिलं आणि 2010च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस बजावल्यावर त्या खोऱ्याचं नाव देशभर झालं.

शहरात मात्र नुकसान गुपचूप होत गेलं. धरणाने पूर हातात घेतल्यामुळे पात्र वर्षातले दहा-अकरा महिने रिकामं दिसू लागलं, आणि शहराला रिकामी जागा दिसली की तिथे काही तरी येतं. डेक्कनच्या खालून पात्रातला रस्ता आला. त्याच्या कडेला वाहनतळ, चौपाटीच्या गाड्या, प्रदर्शनांचे मांडव. इमारती पाडल्याचा राडारोडा रात्रीच्या डंपरने काठाला येऊन पडू लागला. राडारोड्याचं काय होतं ते जवळून पाहावं. विटांचे तुकडे, प्लास्टर, सिमेंटचे गठ्ठे, फरशा, मधे मधे प्लॅस्टिक. पाऊस पडला की यातली बारीक माती वाहून जाते आणि वर कडक, चुनखडीचा थर उरतो. त्याच्यात ओल धरत नाही. वाळुंज तिथे रुजत नाही, जांभूळ रुजत नाही. रुजते ती सुबाभूळ. रुक्ष, चुन्याच्या जमिनीतही ती फोफावते, शेंगांनी लदते, आणि तिच्या सावलीत पुन्हा सुबाभळीचीच रोपं उगवतात. पाण्याच्या जवळ बेशरमाची झुडपं. आणि पाण्यात जलपर्णी.

जलपर्णीमागे आणखी एक बदल आहे. उन्हाळ्यात मुठा पूर्वी आटायची, डोह उरायचे, गाळ उघडा पडायचा. आता धरणाचं पाणी कालव्याने आणि जलवाहिन्यांनी शहराला आणि पुढे दौंड-इंदापूरकडे जातं. पात्रात वाहतं ते शहराने वापरून सोडलेलं पाणी. ते बारमाही आहे आणि नत्र-स्फुरदाने भरलेलं आहे. परिणामी काठाची लहान झुडपं, लव्हाळे, उघड्या गाळाची जागा जाऊन पाणकणसाचे दाट फड आणि जलपर्णीचा जाड थर येतो. हे पाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून दिवसाला 396 दशलक्ष लिटर क्षमतेची 11 केंद्रं उभारायची योजना 2016 मध्ये मार्गी लागली. खर्च सुमारे 990 कोटी. नदीसाठी पुण्याने घेतलेला सर्वांत गरजेचा निर्णय हाच, आणि तो वर्षानुवर्षं रेंगाळला. काठाच्या सुशोभीकरणाची घाई त्याच्या पुढे निघून गेली, याचा राग यायलाच हवा.

पात्र वाचवण्यासाठी लढेही झाले. विठ्ठलवाडीपासून वारज्याच्या महामार्गापर्यंत पात्रात भराव टाकून रस्ता होऊ लागला तेव्हा प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि 2013 मध्ये निकाल रस्त्याच्या विरोधात लागला. वनाझ ते रामवाडी मेट्रोमार्गाचा सुमारे 1.7 किलोमीटरचा टप्पा 59 खांबांवर मुठेच्या पात्रातून जाणार, असं ठरलं तेव्हा 2016 मध्ये वास्तुरचनाकार सारंग यादवाडकर, अनु आगा, आरती किर्लोस्कर आणि ज्येष्ठ संपादक दिलीप पाडगावकर यांनी याचिका केली. त्या वेळी तज्ज्ञ समितीच्या शिफारशींनंतर मार्गाला वाट मिळाली आणि 1 ऑगस्ट 2023 रोजी गाडी धावूही लागली. मावळी पगडीच्या घाटाची स्थानकं पुणेकरांना आवडली आहेत. मेट्रो शहराला हवीच होती. पण तिला पात्रात उतरवून महापालिकेने आणि मेट्रोने एक गोष्ट पक्की करून टाकली, की नदीचं पात्र ही सार्वजनिक कामांसाठी उपलब्ध असलेली जमीन आहे.

त्याच जमिनीवर आता नदीकाठ सुधार प्रकल्प उभा राहतो आहे. मुळा, मुठा आणि संगमापुढची मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटर, साडेचार हजार कोटींहून अधिक खर्च, आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या संस्थेचा. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. याच संस्थेने साबरमतीचा काठ घडवला. तिथे दोन्ही तीरांना सुमारे साडेअकरा किलोमीटर भिंत घालून पात्राची रुंदी 263 मीटर अशी एकसारखी करण्यात आली, दोनशे हेक्टरांच्या आसपास जमीन मोकळी झाली आणि कोरड्या पात्रात नर्मदा कालव्याचं पाणी आणून उभं केलं. शहराला फिरायला जागा मिळाली, हे खरं. नदी मिळाली का, हा प्रश्न साबरमतीच्या बाबतीत आजही विचारला जातो.

पुण्यात विरोधाची ठिणगी पडली ती झाडांवरून. संगमवाडी, बंडगार्डन, मुंढवा या पट्ट्यातली हजारो झाडं तोडायची किंवा हलवायची म्हटल्यावर 29 एप्रिल 2023 रोजी लोक रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या. येरवड्याच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा किनारा याच पट्ट्यात येतो. 2025च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच मोर्चा बाणेर-औंधकडच्या राम-मुळा संगमावर झाला. महापालिकेचं म्हणणं असं, की जाणाऱ्या झाडांत सुबाभळीसारखी परदेशी झाडं बरीच आहेत, जुनी आणि दुर्मीळ झाडं राखू, आणि काढू त्याच्या कित्येक पट नवी लावू.

सुबाभळीबद्दलचं म्हणणं निखालस खोटं नाही. पण त्यात सोयीस्कर विसर आहे. सुबाभूळ तिथे आली ती भरावामुळे, आणि उपाय म्हणून येणार तोही भरावच. शिवाय वृक्ष प्राधिकरणाच्या नोंदीत झाड म्हणजे ठरावीक घेराचं खोड. शेरणीची त्यात गणती नाही, निरगुडीचीही नाही. हात-दीड हात उंचीचं उंबराचं रोप, ज्याच्यावर पुढची पन्नास वर्षं अवलंबून आहेत, ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. भिंतीच्या वरच्या अंगाला ओळीत लावलेला करंज जगेल, फुलेल, सावलीही देईल. त्याच्या शेंगा मात्र फरसबंदीवर पडतील आणि सकाळी झाडल्या जातील.

काठ हा झाडांपुरताही नसतो. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या कडेत हातभर लांब बीळ खणून आत अंडी घालतात. माती खणण्याइतकी मऊ आणि ढासळणार नाही इतकी घट्ट लागते, आणि तशी कड नदीच तासून तयार करते. दगडी पिचिंग केलं, जाळीत दगड भरून गॅबियन रचलं, की ती कड संपली. कासवाला वर चढायला उतार लागतो. राम-मुळा संगमाच्या परिसरात काठातून पाझरणारे झरे आहेत. जमिनीतलं पाणी नदीकडे आणि नदीचं पाणी जमिनीत, अशी ही जा-ये आहे. भिंतीचा पाया ती तोडतो. जीवितनदी या संस्थेचे कार्यकर्ते काठाचे तुकडे दत्तक घेऊन वर्षानुवर्षं तिथे फेऱ्या काढतात, मुलांना नेतात, नोंदी ठेवतात. त्यांच्या आधी प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढून या नद्यांवरचे पक्षी आणि काठ यांची नोंद घ्यायला सुरुवात केली होती. शहराजवळ माहिती नव्हती, असं कुणी म्हणू नये.

भिंतीच्या बाजूने सांगितलं जाणारं सर्वांत वजनदार कारण म्हणजे पूर. मुठेची निळी पूररेषा 60 हजार क्युसेकची, लाल पूररेषा एक लाखाची. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग असतानाच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. निळी रेषा ज्या पाण्याला गृहीत धरते त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक पाण्यालाच माणसांना होडीतून बाहेर काढावं लागलं. याचा सरळ अर्थ एवढाच, की पात्राची पाणी वाहून नेण्याची ताकद भरावांनी आणि अडथळ्यांनी कमी झाली आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याने वीसहून अधिक बळी घेतले तेव्हाही ओढ्याची जागा आधीच खाल्ली गेली होती. अशा वेळी पात्र आणखी आवळणं हा उपाय कसा ठरतो, हे समजून घेणं कठीण जातं. काठचं रान पुराचा वेग मोडतं, गाळ धरतं, पाण्याला पसरायला जागा ठेवतं. त्या जागेची किंमत घरांच्या दराने काढली की ती नेहमीच वाया चाललेली वाटणार.

हरवलेलं रान परत येतं का? जगात काही ठिकाणी तसा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर 1930च्या दशकात हूवर आणि 1963 मध्ये ग्लेन कॅन्यन धरण झालं, आणि मेक्सिकोतला तिचा त्रिभुज प्रदेश कोरडा पडला. पॉप्लर आणि वाळुंजाची रानं जाऊन झाऊची झुडपं माजली. मग दोन्ही देशांनी करार करून 2014 च्या मार्च ते मे महिन्यांत, आठ आठवडे, मोरेलोस बंधाऱ्यातून मुद्दाम पाणी सोडलं. तारखा निवडल्या त्या बियांच्या. विसर्ग आधी झटकन चढवला आणि मग हळूहळू उतरवत नेला. काही पट्ट्यांत आधीच परदेशी झुडपं काढून जमीन उघडी केली होती. तिथे नवी रोपं धरली. जिथे जमीन तयार नव्हती तिथे फारसं काही उगवलं नाही. सोडलेलं पाणी होतं सुमारे 13 कोटी घनमीटर, म्हणजे साडेचार टीएमसीच्या थोडं वर.

मुठा कोलोरॅडोच्या मानाने लहान नदी आहे, शहराच्या हद्दीतला तिचा काठ दहा-एक किलोमीटरचा, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात धरणं भरल्यावर विसर्ग करावाच लागतो. तो विसर्ग शेवटच्या आठवड्यांत पायरी-पायरीने उतरवायला वेगळं पाणी लागत नाही, दार मिटवण्याचं वेळापत्रक लागतं. वाळुंजाचं बी हिवाळ्यात पडतं, त्यासाठी ऑक्टोबरनंतर थोडा प्रवाह राखावा लागेल आणि त्याचा हिशेब शेती आणि शहराच्या पाण्यातून द्यावा लागेल. त्यावर वाद होतील, आणि ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, आकडे पुढे ठेवून व्हावेत. राडारोडा उचलणं याहून सोपं, कारण त्याला कायदा आहे आणि टाकणाऱ्या डंपरला नंबरप्लेट आहे.

खडकवासल्याच्या खाली शिवणे, नांदेड गावाच्या बाजूने आणि विठ्ठलवाडीपर्यंत काही ठिकाणी मातीचे काठ अजून शिल्लक आहेत. राम-मुळा संगमाचा तुकडा आहे. संगमापुढे मुंढव्याच्या खालच्या बाजूला नदी शहराबाहेर पडते तिथेही आहेत. प्रकल्पाची निविदा या पट्ट्यांसाठी निघण्याआधी खोडांच्या घेराबरोबर रोपांचीही मोजणी व्हावी, कुठल्या जातीची पोरं वाढताहेत आणि कुठल्या जातीची म्हातारी झाडं एकटी उरली आहेत हे नकाशावर यावं, आणि जिथे पोरं वाढताहेत तो काठ भिंतीच्या आखणीतून वगळावा. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे माणसं आहेत, शहरात वनस्पतिशास्त्राचे विभाग आणि आघारकर संशोधन संस्था आहे. एका हिवाळ्यात होण्यासारखं हे काम आहे, आणि ते प्रत्येक टप्प्याच्या निविदेआधी व्हायला हवं.